कमलआत्याच्या पाठवणीची रेकॉर्ड

नमस्कार मंडळी,

'सध्या कोणत्या रेकॉर्ड्स ऐकताय?' या आपल्या धाग्यावर मी दर रविवारी न चुकता फोटो टाकते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेले दोन महिने एकही टाकला नाही, म्हणून काहींनी विचारलं. एका काकांनी तर 'मॅडम, मशीन मोडीत घातलं की काय' असा टोमणाही मारला. मोडीत नाही घातलं काका. झालं ते वेगळंच... आणि ते इथं लिहावं की नको, या विचारात दोन महिने गेले. लिहिलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. न लिहावं, तर माझ्या पोटात काही राहत नाही, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता म्हणू की नाही म्हणू? नाहीच म्हणते. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पण त्याहून मोठं कारण घरचं आहे. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव गुंडाळून पंचगंगेत सोडून आले. तेव्हापासून आमच्याकडे भूत, भानामती, अंगात येणं, लिंबू-मिरची, सगळं बंद. लहानपणी एकदा 'पिंपळावर हडळ आहे' म्हणत मी रडत घरी आले, तर आजोबांनी मला हाताला धरून त्याच पिंपळाखाली नेऊन बसवलं आणि पाढे तिथंच म्हणायला लावले. सतराचा पाढा येत नव्हता म्हणून हडळीपेक्षा आजोबांचीच जास्त भीती वाटली. अशा घरातली मी. तेव्हा पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्ड्स अण्णांच्या. अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. अण्णा लाऊडस्पीकरवाले होते. आता साऊंडवाले म्हणतात, ट्रकभर भिंती उभ्या करतात आणि छातीत धडधड होईपर्यंत वाजवतात. अण्णांच्या वेळेला एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन कर्णे आणि रेकॉर्ड्सची लोखंडी ट्रंक, एवढाच संसार. कर्णा उंच बांबूला बांधायचा किंवा आंब्यावर चढवायचा. त्या कर्ण्यातून एकदा गाणं सुटलं की ओढ्यापलीकडच्या गावालाही कळायचं, आज इकडं लग्न आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, जयंतीची मिरवणूक... माझं बालपण त्या खरखरीत गेलं. माझं नावही त्यांनी संगीता ठेवलं. गळा मात्र कावळ्याचा निघाला, त्याला ते तरी काय करणार.

कॅसेटी आल्या आणि अण्णांची ट्रंक माळ्यावर गेली. मी ती दोन वर्षांपूर्वी खाली काढली, मशीन दुरुस्त करून घेतलं, नवी सुई बसवली. आम्ही कसबा बावड्यात राहतो. अण्णांच्या जुन्या घराच्या जागेवरच आम्ही वर एक मजला चढवून घर बांधलंय. मी एकुलती एक, त्यामुळे अण्णा आमच्याजवळच. माझा नवरा संजय म्हणतो, 'मी घरजावई नाही, अण्णांचा भाडेकरू आहे.' रविवारी सकाळी मी खोलीच्या खिडक्या उघडते, कारखान्याचा हंगाम असला तर मळीचा वास येतो म्हणून परत बंद करते, आणि रेकॉर्ड लावते. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसतात. कधी जुनं नाट्यसंगीत, कधी तमाशातल्या लावण्या, कधी जयंतीची गाणी, कधी दोन विनोदी नटांच्या गप्पांची ती रेकॉर्ड. ती लागली की अण्णा पुढचा विनोद आधीच सांगून मोकळे होतात आणि सगळ्यांची मजा घालवतात. तुम्ही फोटो पाहिलेच आहेत.

एक रेकॉर्ड मात्र मी कधीच दाखवली नाही. लहान, पंचेचाळीसवर चालणारी. कागदी कव्हराला आडवा-उभा सुतळीचा फास. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं आहे. गाण्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या लग्नात ते वाजलेलं असणार. एके काळी ते लागल्याशिवाय आमच्या भागात मुलगी मांडवातून हलत नसे. अण्णांनी ही सुतळी बांधली त्याला एकेचाळीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांनी मागितली की सांगायचे, 'फुटली.' ती का बांधली, ते मला आईकडून कळलं.

अण्णांना एकच बहीण, कमलआत्या. बारा वर्षांनी धाकटी. अण्णांनीच खांद्यावर खेळवलेली. तिचं लग्न ठरलं शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या एका गावात. लग्न इथंच, आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, ऐन मे महिन्यात. मी तेव्हा चार वर्षांची, मला फक्त बुंदीच्या लाडवांचं पातेलं आठवतं.

आता चूक कुठं झाली ते सांगते. त्याच दिवशी अण्णांना हातकणंगल्याकडच्या एका गावातून बोलावणं आलं. मोठ्या घरचं लग्न. तोवर त्या गावात आमच्या वस्तीतल्या माणसाची मशीन कधी मांडवात गेली नव्हती. आमचे लोक जायचे ते सरपण फोडायला आणि उष्टी काढायला. त्या घरच्या कुणीतरी अण्णांचं काम पाहिलं होतं. त्यांनी माणूस पाठवून सांगितलं, तुमचीच मशीन पाहिजे, मांडवात टेबल देतो. अण्णांनी हो म्हटलं. तारीख लक्षात आली तेव्हा त्यांनी हिशेब असा घातला — त्यांच्या लग्नाला मुहूर्त आहे, बाराचा, तो मिनिटभर थांबणार नाही. आपल्या लग्नाला मुहूर्त नसतो. त्रिसरण-पंचशील झालं, वरमाला पडल्या, माणसं जेवली, की निवांत पाचच्या पुढं पाठवणी. तोवर आपण परत. आपलं लग्न थांबेल.

घरच्या मांडवात आधीचा जुना सेट आणि एक कर्णा जोडला, पाठवणीची रेकॉर्ड त्यावर चढवून ठेवली आणि आईला बजावलं, "मी आल्याबिगर मशीनला कुनी हात लावायचा न्हाय." कारण त्या रेकॉर्डवर एक चरा होता. आधीच्या एका लग्नात सुटलेल्या शेळीनं टेबलाला धडक दिली होती, त्याचा तो प्रसाद. दुसऱ्या कडव्यात सुई त्या चऱ्याला आली की अडकायची, आणि तेच तेच दोन शब्द म्हणत राहायची. अण्णांना ती जागा तोंडपाठ. सुई तिथं पोचायच्या आत ते नखानं हळूच उचलून पुढं ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, गाणारी श्वास घ्यायला थांबली.

दुपारी दोनलाच पश्चिमेला आभाळ काळं झालं. वळीव येणार म्हणून वऱ्हाडाचा ट्रकवाला अडून बसला. डोंगरातला रस्ता कच्चा, पाऊस लागला तर ट्रक रुतेल, आत्ताच्या आत्ता निघा म्हणाला. मग काय, घाईनं पाठवणी. आजोबा म्हणाले, गाणं लागल्याशिवाय माझी पोरगी जायची नाही. त्यांनीच बटण दाबलं, सुई टेकवली. आत्या आजीच्या गळ्यात पडून रडत होती. दुसरं कडवं आलं. आणि सुई अडकली.

तेच दोन शब्द. पुन्हा तेच. पुन्हा तेच. कर्ण्यातून, सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असे. आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग वऱ्हाडातली पोरं त्या तालावर नाचायला लागली. मशीनला हात कसा लावायचा, कुणाला ठाऊक नाही, आणि अण्णांच्या दमामुळे कुणाची छाती होईना. शेवटी आजोबांनी वायरच उपटली. मांडवात एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत आत्या ट्रकात चढली. अण्णा चार वाजता आले, खांद्यावर कर्णा घेऊन. मांडव रिकामा होता.

पुढच्या वर्षी जयंतीला अण्णा तिला आणायला गेले. आमच्यात माहेरवाशिणी जयंतीला येतात, तीच आमची दिवाळी. आत्या उंबऱ्यातून बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "परक्याची पोरगी वाजवून धाडलीस, दादा. बहीण मुकी धाडलीस. जा माघारी."

अण्णा माघारी आले, आणि तेही ताठले. दोघांच्या स्वभावाला मुळात औषध नाही. आजोबा-आजी गेले तेव्हा आत्या मातीला आली, माझी आई गेली तेव्हाही आली, पण अंगणातूनच परतली. घोटभर पाणी घेतलं नाही. आई गेली त्या दिवशी मी तिचा हात धरून म्हटलं होतं, आत्या, आत चला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि चालायला लागली. मला तेव्हा तिचा फार राग आला. आता माझं वय वाढलं तसं कळतं, की ज्या बाईला चाळीस वर्षं माहेरच नाही, तिच्या रागावर आपण कशाला रागवायचं?

बरं. आता तो रविवार.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. शब्द येतात, पण एकेक ओढून काढल्यासारखे. डॉक्टर म्हणाले जपा, दुसरा झटका सोसणार नाही. तेव्हापासून अण्णा रेकॉर्ड ऐकतानाही खिडकीबाहेर बघत बसायचे. त्या रविवारी थंडी होती. मी नाट्यसंगीताची मोठी रेकॉर्ड लावली होती, तेहतीसवर. ती संपली, मी दुसरी शोधायला ट्रंकेपाशी बसले, तर अण्णा डावा हात वर करून म्हणाले, "ती... लाव."

"कुठली अण्णा?"

"कमळीची."

मी संजयकडे बघितलं. तो चहाचे कप घेऊन दारातच थबकला. मी म्हटलं, अण्णा, ती अडकते हो. दोन वर्षांपूर्वी ट्रंक आवरताना, अण्णा झोपलेले असताना, मी सुतळी सोडून ती एकदा लावून पाहिली होती. आई म्हणायची तिथंच, दुसऱ्या कडव्यात, त्याच दोन शब्दांवर अडकली होती. मी घाबरून ती परत बांधून ठेवली होती.

"लाव," अण्णा म्हणाले. मोठ्यानं.

मी सुतळीची गाठ सोडली. इथं तुमच्यासाठी सवयीनं लेबलचा फोटोही काढला. त्याच्यावर वेळ आहे, दहा बावन्न. सुई टेकवली आणि... भलताच आवाज. जड, घोगरा, ओढत ओढत येणारा. मी गडबडीत मशीनचा वेग तेहतीसवरच ठेवला होता. पंचेचाळीसची रेकॉर्ड तेहतीसवर लावली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. गाणारी बाई, पण आवाज पुरुषाचा. 'फिजिक्सच्या मॅडम!' संजय दारातून म्हणाला. मी सुई उचलली, वेग बदलला, परत पहिल्यापासून लावली.

आता बरोबर लागलं. पहिलं कडवं झालं. मी मशीनवर वाकून, अण्णांसारखंच नख सुईच्या दांडीखाली धरून बसले. चरा डोळ्यांना दिसत होता, काळ्या तबकडीवर पांढरी रेघ. दुसरं कडवं सुरू झालं. ते दोन शब्द आले... आणि पुढचा शब्द आला. मग त्याच्या पुढचा. साधं 'टक्'ही झालं नाही. माझं नख तसंच हवेत. गाणं तिसऱ्या कडव्यात गेलं, शेवटची ओळ झाली, सनई संपली, आणि सुई मधल्या कागदापाशी खसखस करत फिरत राहिली.

मी वळून बघितलं. अण्णांचं तोंड सगळं भिजलं होतं. संजयच्या हातातला चहा गार झाला होता.

अकरा वीसला माझा फोन वाजला. नंबर आत्याच्या मुलाचा. तो दिवाळीला एकदा करतो, एरवी नाही. मला वाटलं, काही बरं-वाईट तर नाही... पलीकडून बाईचा आवाज.

"संगे न्हवं का?"

"हो. कोण?"

"मी कमल बोलतोय. आत्या तुजी." (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात.)

आयुष्यात पहिल्यांदा आत्यानं मला फोन केला होता.

"आज कुनाचं लगीन हाय गं तुमच्याकडं?"

"लग्न? नाही आत्या, कुणाचंच नाही."

"मग गानं कुटलं वाजलं?"

मी म्हटलं, कसलं गाणं? तर ती सांगायला लागली, एका दमात. "तांदूळ निवडत बसल्तो पडवीत. साडेदहाची एसटी जाऊन जरा येळ झाल्ता. डोंगराच्या अंगानं कर्णा वाजाय लागला. पयलं घोगरं घोगरं... गडी मानूस रडतोय तसं. म्या म्हनलं, आयला, कोन गेलं काय? मग ते बंद पडलं. आनि जरा येळानं बाई गायला लागली. तेच गं ते. माज्या लग्नातलं. उटून भाईर आलो, तर रस्त्यावर कुत्रं न्हाय. सुनंला इचारलं, तर म्हनती आई, मला काय बी ऐकू येईना, तुमचं कान दाखवून घिऊया. पर म्या ऐकलं की! आनि ऐक... अडाकलं न्हाय. समदं झालं. पार शेवटपतोर."

नुसतं गाणं ऐकू आलं म्हणाली असती, तर मी म्हटलं असतं, म्हातारपण आहे, मनात असतं ते कानात वाजतं. न अडकता झालं म्हणाली असती, तरी म्हटलं असतं की मनातलं गाणं कशाला अडकेल. पण पहिला घोगरा आवाज? रेकॉर्ड चुकून तेहतीसवर लागली, हे खोलीतल्या आम्हा तिघांना सोडून कुणाला ठाऊक होतं? तो फोटो तर मी अजूनही कुठं टाकलेला नाही. आम्ही दोघांचेही फोन तपासले, चुकून कुणाला लागला होता का. नव्हता. आणि आत्याचं गाव आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मध्ये डोंगर. आमच्या घरातला स्पीकर शेजारच्या वहिनींना नीट ऐकू जात नाही.

"दादा हाय का?" आत्यानं विचारलं.

मी फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग पलीकडून आत्या म्हणाली, मलाही ऐकू आलं, "उद्या येतो."

फोन ठेवल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. हळूहळू, घाबरतच, की त्यांना त्रास होईल. म्हटलं, अण्णा, हे कसं शक्य आहे? तुम्हाला काय वाटतं? अण्णांना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. शब्द गोळा करत म्हणाले, "लांब... ऐकू जावं... म्हनूनच तर लावतोय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. संजय स्टँडवरून आत्याला घेऊन आला. एक पिशवी, त्यात तांदूळ, डोंगरातलाच. फाटकात ती थांबली. समोरच्या मोकळ्या जागेवर आता तीन बंगले आणि एक दवाखाना आहे. "मांडव हितंच व्हता?" तिनं विचारलं, मी हो म्हटलं. मग तिनं चपला काढल्या आणि आत आली. मी पाण्याचा तांब्या दिला, तो तिनं उभ्यानंच संपवला.

अण्णा खुर्चीत होते. ती त्यांच्यासमोर बसली, जमिनीवरच. बराच वेळ त्यांचा उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिली. अण्णा म्हणाले, "चुकलं... माजं."

"ठावं हाय. चाळीस वर्सं ठावं हाय मला. पर तू बोलाय पायजे व्हतंस. त्या वर्षी दारात आलास, तवा नुसता उबा ऱ्हायलास खांबावानी. चुकलं म्हनला असतास, तर पिशवी घिऊन निगालो असतो."

"त्या गावात... पयल्यांदा..." अण्णांना पुढचं सांगता येईना. आत्यानंच सांगितलं. "पयल्यांदा मांडवात टेबल दिल्तं. आपला आबा बोलल्ता मला मरायच्या आदी. तेबी ठावं हाय. म्हनून काय बहिनीचं लगीन थांबतंय व्हय रं?" आणि मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. काल रडलास त्ये ऐकलं म्या. गान्याच्या आदी."

माझ्यातली शिक्षिका उफाळून आली. आत्या, तो अण्णांचा आवाज नव्हता, तो मशीनचा वेग चुकला होता, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी अण्णा बोलले.

"व्हय. रडलो."

मी गप्प बसले. कारण तेव्हा मी मशीनवर वाकले होते, अण्णांकडे माझी पाठ होती. तो घोगरा आवाज चालू होता त्या पाच-सात सेकंदांत अण्णा काय करत होते, ते मी पाहिलेलंच नाही. संजयला नंतर विचारलं, तर तो म्हणतो, मी तुझ्याकडं बघत होतो.

आत्या अकरा दिवस राहिली. त्या अकरा दिवसांत आमच्या घरात इतकी भांडणं झाली की विचारू नका. आजीची नथ कुणाला मिळाली इथपासून ते लहानपणी आंब्यावरून कुणी कुणाला ढकललं इथपर्यंत. अण्णांचं बोलणं त्या भांडणांनी जितकं सुधारलं, तितकं व्यायामानं सुधारलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि मला रडू यायचं. आई असती तर, असं फार वाटायचं.

या दिवसांत मी ती रेकॉर्ड पुन्हा लावली. एकदा नाही, अकरा वेळा. सकाळी, दुपारी, सुई पुसून, सुई बदलून, दांडीचं वजन कमी-जास्त करून. प्रत्येक वेळी दुसऱ्या कडव्यात अडकली. आमच्या कॉलेजातले इलेक्ट्रॉनिक्सचे सर म्हणाले, हवेतला गारवा, धूळ, दांडीचा कोन... एखादे वेळी सुई चरा ओलांडून जाऊ शकते. मान्य. ते मीही वर्गात शिकवू शकते. बाकीचं सगळं मी सरांना सांगितलं. 'योगायोग' म्हणाले आणि चहा मागवला. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचीन. फक्त 'तुमच्या आजोबांच्या आत्म्यानं केलं' असलं काही लिहू नका. आजोबांना ते मुळीच खपायचं नाही.

आत्या निघाली त्या दिवसाचं सांगते आणि थांबते. दहाची एसटी होती. अण्णांना पलंगापासून खुर्चीपर्यंत काठीनं जायलाही माणूस लागतो. त्या दिवशी सातलाच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते फाटकापाशी खुर्ची मांडून बसले. मी म्हटलं, ऊन लागेल, आत बसा, ती जाताना हाक मारते. "हितंच," म्हणाले. नऊला रिक्षा आली. आत्या त्यांच्या पाया पडली, रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घेतली. अण्णा काठी टेकत उठले आणि त्यांनी डाव्या हातानं रिक्षाची दांडी घट्ट धरली.

रिक्षावाला वाट बघून बघून म्हणाला, "आज्जा, सोडा की. पावण्यांची एसटी चुकंल."

"चुकू दे," आत्या म्हणाली. "बंद कर रं तुजी रिक्षा."

त्यानं रिक्षा बंद केली. आत्यानं अण्णांच्या हातावर हात ठेवला. दोघं नुसती एकमेकांकडे बघत होती. मी आणि संजय बाजूला उभे, आणि रिक्षावालाही बिचारा खाली उतरून उभा राहिला. दहाची एसटी गेली. आत्या बाराच्या गाडीनं गेली, आणि तिची रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत अण्णा फाटकात उभे होते.